टँकरच्या पावतीवर कोणाची सही?

गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीने सामूहिक राजीनामा दिला की नवी समिती निवडून येईपर्यंत सहकार खात्याचे उपनिबंधक एखाद्या त्रयस्थाकडे कारभार सोपवू शकतात. पुण्याच्या उपनगरातील एका संस्थेवर प्राधिकृत अधिकारी म्हणून माझी अशीच नेमणूक झाली होती. मी ज्या विशेष सर्वसाधारण सभेविषयी लिहीत आहे, ती टँकरच्या पाण्याचा खर्च कसा वाटून घ्यावा हे ठरवण्यासाठी बोलावलेली होती.

या भागात महापालिकेचे पाणी अपुरे येते, त्यामुळे उन्हाळ्यात संस्थेचा सर्वांत मोठा खर्च टँकरचाच असतो. ओला-सुका कचरा, सांडपाणी, अंतर्गत रस्ता, दिवे आणि पहारा हे सारे संस्थाच पाहते. एखाद्याने पैसे थकवले तर निबंधकांकडून दाखला मिळवून तिला ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूलही करता येतात. म्हणजे संस्था ही जणू छोटी नगरपालिकाच. राज्यघटनेतही नगरपालिकांचा भाग नऊ-अ आणि २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीचा, सहकारी संस्थांविषयीचा भाग नऊ-ब शेजारीशेजारी आहेत. राज्यांतर्गत संस्थांपुरता हा दुसरा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला, हे निराळे. मात्र महापालिकेच्या मतदार यादीत भाडेकरूचे नाव असते, आणि संस्थेच्या सभेत मत केवळ सभासदाला, म्हणजे सामान्यतः मालकाला, असते.

सभेपुढचा प्रस्ताव असा होता की भाड्याने दिलेल्या सदनिकांकडून टँकरचा खर्च दुप्पट घ्यावा, कारण तिथे नोकरीची मुले दाटीने राहतात आणि पाणी उधळतात. त्या सदनिकांचे बहुतेक मालक परगावी किंवा परदेशी असल्याने विरोध करायला कोणी नव्हते. वाढीव बोजा अखेर ज्यांच्या भाड्यावर पडणार होता, त्यांना सभेची नोटीसच गेली नव्हती.

चर्चा सुरू असताना एक भाडेकरू बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या घरूनच काम करत असल्याने दुपारी आलेला टँकर रिकामा होताना त्यांच्या खिडकीतून दिसे, आणि तारीख-वेळ त्या एका वहीत टिपून ठेवत. सभेची संमती घेऊन मी त्यांना निमंत्रित म्हणून बोलू दिले. दोन सभासदांनी हरकत घेतली, ती मी इतिवृत्तात नोंदवली. वहीतील नोंदी बिलांशी ताडून पाहिल्या, तेव्हा पुरवठादाराने लावलेल्या फेऱ्या त्यांच्या नोंदींपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. फाटकावरचे रजिस्टर बिलांशी तंतोतंत जुळत होते, पण ते रोज न भरता महिनाअखेरीस एकाच पेनाने भरलेले दिसत होते. इतका वेळ भाडेकरूंच्या आंघोळींचा हिशेब मांडणारी सभा त्यानंतर पुरवठादाराकडे वळली.

तरीही एका ज्येष्ठ सभासदांनी मूळ प्रस्ताव मतास टाकण्याचा आग्रह धरला. “सर्वसाधारण सभा सर्वोच्च आहे ना, साहेब?” असे त्यांनी विचारले. सभा सर्वोच्च आहे, पण कायदा, नियम आणि उपविधी, म्हणजे संस्थेची स्वतःची नियमावली, यांच्या अधीन राहूनच, असे मी सांगितले. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, पाण्याचा आकार सदनिकेतील नळांच्या संख्येवर आणि आकारमानावर ठरतो. सदनिका भाड्याने दिली म्हणून जास्तीत जास्त बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, लावता येते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. त्यामुळे तो प्रस्ताव मी मतास टाकला नाही.

पुरवठादाराचे बिल तपासणीपर्यंत रोखायचे आणि टाकीच्या तोंडाशी मीटर बसवायचा, हे लगेच ठरले. प्रत्येक फेरीच्या पावतीवर सही कोणी करायची, यावर मात्र अर्धा तास गेला, कारण दुपारी सोसायटीत असणारे सभासद जवळजवळ नव्हतेच, आणि सभासद नसलेल्या व्यक्तीला समितीचे अधिकार देणे मला शक्य नव्हते. अखेर ठरावात कोणाचेही नाव न घालता “त्या वेळी उपस्थित असलेल्या रहिवाशाची पोचसही” असे शब्द मी लिहिले आणि तो बहुमताने मंजूर झाला. पुढच्या महिन्याचे बिल पावत्यांशी जुळले आणि आधीच्या महिन्यापेक्षा बरेच कमी आले. निवडून आलेल्या समितीकडे मी कारभार सोपवला, तेव्हा सोबत दिलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्यात बहुतेक सह्या त्या बाईंच्याच होत्या.