फोन म्यूट होता म्हणून कळलं

मे महिन्यातली गोष्ट. परभणीत एका मंगल कार्यालयात आमची ओपन कराटे स्पर्धा होती, बाहेर बेचाळीसच्या पुढचं ऊन, आत चार कूलर आणि शे-दीडशे लेकरं. रात्री साडेअकराला घरी आलो तेव्हा घसा पार बसलेला. घरातले झोपलेले म्हणून फोन म्यूट केला आणि गच्चीवर पडून एका पालकानं ग्रुपवर टाकलेले व्हिडिओ बघत बसलो. त्यात मुलींच्या बारा-तेरा वर्षं गटाची काताची सेमीफायनल होती, मी त्यात कोपऱ्यातला जज होतो आणि मी लाल झेंडा वर केला होता. आवाजाशिवाय बघितलं आणि पोटात गोळाच आला राव. निळी चांगली होती. उन्नीस-बीसचा फरक नाही, सरळ सरळ चांगली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काता म्हणजे समोर कुणी नसताना ठरलेल्या क्रमानं करायच्या चाली. झेंड्याच्या पद्धतीत एक लाल, एक निळी, दोघी एकामागं एक काता करतात, मग मुख्य पंच ‘हांतेई’, म्हणजे निकाल द्या, म्हणतो, शिट्टी वाजते आणि पाची जजनी त्याच सेकंदाला एक झेंडा वर करायचा. विचार करायला वेळ नाही. शेजारच्याकडं बघायचं नाही (बघतात. सगळे बघतात.)

तर लाल पोरगी शहरातली, अंगात जाड कॅनव्हासचा नवा गी, म्हणजे कराटेचा ड्रेस. तो कडक असला की प्रत्येक पंचला बाहीतून फट्ट असा आवाज निघतो, हॉलमधी मागच्या रांगेपर्यंत जातो. निळी जिंतूरकडच्या एका खेड्यातली, ड्रेस पातळ, धुऊन धुऊन मऊ पडलेला, बाह्या दोन घड्या घालून वर केलेल्या, बहुतेक थोरल्या भावाचा असावा. तिच्या पंचला आवाजच नाही. आम्ही तिथं बसून काय केलं तर कानानं मार्क दिले. फट्ट झालं की वाटतं काय पॉवर आहे लेकराची, आणि डोळा पण मग तेच बघतो. म्यूटवर बघितलं तर लालची मागच्या पायाची टाच दर पंचला उचलायली, हात आधी पोचायला आणि कंबर मागून यायली. निळीची कंबर आणि मूठ एकाच क्षणाला थांबायची, वळताना डोकं वर-खाली नाही, जणू वर कुणी दोरी बांधलीय. तीन वेळा बघितलं, चौथ्यांदा बघायची हिंमत झाली नाही.

निकाल ३-२ होता. म्हणजे माझा एक झेंडा तिकडचा इकडं असता तर ती फायनलला गेली असती.

गंमत बघा, नियमात छाती-दंड थोपटून किंवा ड्रेसवर हात मारून आवाज काढला, उगाच पाय आपटले, नको तिथं फूं-फूं श्वास सोडला की तो फाउल धरतात. म्हणजे नियम करणाऱ्यांना हे पक्कं माहीत आहे की आवाजानं जज फसतो. पण कापड आपोआप वाजलं तर त्यात लेकराची काय चूक, ते फाउल नाहीच. आणि ते वाजणारं कापड घ्यायला पैसे लागतात, तेवढ्यात आमच्याकडं चार-पाच लेकरांचे साधे ड्रेस येतात.

मी वीसेक वर्षं शिकवतोय, जजिंग पण जवळपास तेवढंच. आतापर्यंत मला कुणी विचारलं की पक्षपात कसा होतो, तर मी ओळख, गटबाजी, ‘आपला माणूस’ असंच सांगायचो. ते होतंच, खोटं कशाला बोलू. चार लेकरांचा गट करून चारीला मेडल वाटणाऱ्या स्पर्धा पण आपल्याकडं कमी नाहीत, तिथं जजची गरजच काय, दारातच मेडल द्या आणि मुरमुऱ्याची सुशीला खाऊ घालून पाठवा. पण त्या दिवशी मला कुणाची ओळख नव्हती, दोन्ही पोरी माझ्या नव्हत्या, माझं मन साफ होतं आणि तरी मी चुकीचा झेंडा उचलला. मन साफ असून भागत नाही हे फार उशिरा कळलं.

त्यानंतर आम्ही चार-पाच सर लोक बसलो आणि जजचं मन साफ आहे का हा विषय बाजूला ठेवून मांडणीच बदलायची असं ठरवलं.

पहिला प्रश्न, जज आणायचे कुठून. जिल्हा पातळीवर जज म्हणजे सगळे कुणा ना कुणाचे सर, प्रत्येकाची लेकरं मॅटवर आहेत. लोक म्हणतात पॉइंट सिस्टीम आणा, म्हणजे झेंड्याऐवजी प्रत्येक जजनं मार्क द्यायचे, वरचा आणि खालचा मार्क उडवला की आपोआप न्याय होतो. होतो, पण पाच जणांत आपला माणूस एकच असला तरच. कागदावर करून बघा. एका लेकराला चार तटस्थ जजनी ७.०, ७.२, ७.०, ७.० दिले आणि त्याच्या सरनी ८.०, तर ८.० उडतो, एक ७.० उडतो, उरले २१.२, सरची मेहनत वाया. आता त्याच डोजोचे, म्हणजे कराटे क्लासचे, दोन जज बसवा. ७.०, ७.२, ७.०, ८.०, ८.० मधून एकच ८.० उडतो, दुसरा आत राहतो, बेरीज २२.२. त्याच दोघांनी समोरच्या लेकराला ६.६, ६.६ दिले आणि बाकी तिघांनी ७.४, ७.४, ७.२, तर बेरीज २१.२. तिघा तटस्थांचंच धरलं असतं तर समोरचं लेकरू २२.० आणि पहिलं २१.२. म्हणजे दोन माणसांनी निकाल उलटा केला आणि कागदावर सगळं एकदम नियमात. जागतिक कराटे फेडरेशननं २०१९ पासून पॉइंट आणले तेव्हा सात जज बसवून वरचे दोन आणि खालचे दोन उडवायची पद्धत ठेवली होती. आमच्याकडं सात जज एका मॅटला कुठून आणणार, पाच मिळाले तरी नशीब.

म्हणून आम्ही पॉइंटच घेतले, पण पाच खुर्च्यांना सात माणसं ठेवली. गटात आपल्या डोजोचं लेकरू असलं की त्या जजनं आधीच उठायचं, बदली बसणार, आणि पूर्ण गट संपेपर्यंत तीच बदली राहणार, कारण मधेच माणूस बदलला की मार्कांची पट्टी बदलते. पहिल्या वेळी दोन सर रुसले, “म्हणजे आमच्यावर भरोसा नाही का?” म्हणलं सर, सगळ्यात आधी मीच उठायलोय, माझ्यावर माझाच भरोसा नाही, व्हिडिओ दाखवू का?

दुसरी गोष्ट म्हणजे पहिलं लेकरू. पॉइंटमधी जे पहिलं येतं त्याचा नेहमी घात होतो, कारण जज हात राखून ठेवतो, पुढं कोण येईल माहीत नाही म्हणून ६.८ देतो आणि मग तसंच करणारं आठवं लेकरू ७.२ घेऊन जातं. आता आम्ही गट सुरू व्हायच्या आधी एका ब्राऊन बेल्टच्या पोराला, जो स्पर्धेत नाही, मॅटवर उभा करून काता करून घेतो. सगळे मार्क देतात, टेबलवर वाचून दाखवतात, कुणाचा ६.६ कुणाचा ७.८ निघतो, थोडी वादावादी होते आणि ते मार्क फाडून टाकतात. पाच मिनिटं जातात. आयोजक म्हणतात टाइम नाही, पण पाहुण्यांच्या सत्काराला पाऊण तास असतो, तिथले पाच काढायचे.

ड्रॉ सगळ्या पालकांसमोर, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, एका डोजोची लेकरं होता होईल तेवढी वेगवेगळ्या बाजूला. डोजो कळू नये म्हणून छातीवरच्या बिल्ल्यावर पांढरी चिकटपट्टी. ह्यावर जास्त लिहीत नाही, ओळखणारा चालीवरून पण ओळखतोच.

नावं आणि मार्क नोंदवायच्या टेबलचं मात्र लिहायलाच पाहिजे कारण तिथं मी स्वतः एक घोळ थांबवलाय. शितो-र्यू ही कराटेची एक शैली, शोतोकान दुसरी. शितो-र्यूचं एक लेकरू आलं, वाकून नमस्कार केला, मोठ्यानं ओरडलं “पिनान निदान!” आणि काता सुरू केला. जजमधले एक सर शोतोकानचे, त्यांच्या डोळ्याला तो काता हेइआन शोदान दिसायला, आणि नाव एक सांगून काता दुसरा केला तर लेकरू बाद, असा नियम आहेच. त्यांनी बाद करायचं म्हणून हात वर केला. आता खरी गोष्ट अशी की कराटेचे जुने गुरू इतोसू आन्को यांनी जपानच्या ओकिनावा बेटावर शाळेच्या लेकरांसाठी पिनान काता बसवले, पुढं शोतोकानच्या फुनाकोशींनी त्यांचं नाव हेइआन केलं आणि पहिल्या दोघांचा नंबर उलटा लावला. शोदान म्हणजे पहिला, निदान म्हणजे दुसरा, म्हणून एकाचा निदान तो दुसऱ्याचा शोदान. लेकरू बरोबर होतं. नऊ वर्षांचं असेल, ते बिचारं मधेच थांबलं असतं तर थांबला म्हणून बाद झालं असतं ते वेगळंच. तेव्हापासून टेबलवर दोन्ही शैलींची काताची नावं लिहिलेला एक कागद लॅमिनेट करून ठेवलाय, आणि शितोच्या उभ्या राहण्याला शोतोकानच्या लांब झेंकुत्सूची (पुढचा गुडघा वाकवून उभं राहायची) पट्टी लावायची नाही हे सकाळच्या मीटिंगमधी आधीच सांगतो. त्यांचा पाय जवळ असतो, ती चूक नाही, तो त्यांचा काता आहे.

पालकांचं म्हणाल तर, “सर, आमच्या लेकराला काऊन नाही दिलं?” हा प्रश्न झेंड्यात आला की उत्तरच नसतं, तीन वर गेले दोन नाही गेले, संपलं. पॉइंटमधी निदान कागद दाखवता येतो. पण आकडा दिसला म्हणजे वाद मिटला असंही नाही. टोकियो ऑलिम्पिकला, २०२१ मधी झालं ते, महिलांच्या काता फायनलला स्पेनच्या सांद्रा सांचेझला २८.०६ आणि जपानच्या कियो शिमिझूला २७.८८ मिळाले. ०.१८ चा फरक! जगातल्या दोन सगळ्यात भारी बायका, सात जज, आणि एवढासा फरक. आमच्या कार्यालयात कूलरच्या घरघरीत बसून आम्ही कुठला ०.१८ ओळखणार.

आणि शेवटी म्यूटचं. मॅटवर बसून कान तर बंद करता येत नाहीत, म्हणून स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जज लोक जमतो, जुने व्हिडिओ आधी आवाजासकट बघतो आणि मार्क लिहितो, मग तेच म्यूट करून क्रम बदलून परत. पहिल्या वेळी आठपैकी सहा जणांचे मार्क हलले. त्यातले एक सर, माझ्याहून सीनियर, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणले, “च्यायला, एवढी वर्षं मी शिंप्याला मेडल देत होतो का?” आता हॉलमधी ते जजिंग करताना फक्त कंबर आणि टाच बघतात, तोंडात काहीतरी पुटपुटत असतात, बघणाऱ्याला वाटतं जप चाललाय.

राहिली ती निळी. निकाल तर बदलता येत नाही, झेंडा खाली आला की विषय संपतो. पण मला चैन पडेना, दोन दिवसांनी तिच्या सरना फोन केला. म्हणलं सर, तुमची पोरगी जिंकायला पाहिजे होती, माझा झेंडा चुकला, तिला सांगा. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणले, “सर, आजवर असा फोन कुणाचा आला नाही बघा. सांगतो तिला.” आणि हसायलेच. “पण ती काही नाराज नाही हो. घरी येऊन म्हणायली, थांबायचं होतं तिथं बरोबर कूलर होता, लय गार वाटलं.”

ह्या मे मधी ती चौदा-पंधराच्या गटात आहे, नाव आलंय. मी त्या मॅटवर जज नाही, टेबलवर बसणार आहे. कूलर मात्र त्याच जागी ठेवायला सांगितलाय.