ह्वेन बेटावर वाडा पाहायला जाऊ नये

कोपनहेगनहून सोळाव्या शतकातला डॅनिश खगोलज्ञ टायको ब्राहे याच्या ह्वेन बेटावर जाण्याचा बेत असेल, तर एक गोष्ट निघण्यापूर्वीच पक्की समजून घ्यावी: तिथे वाडा नाही. मनोरे, घुमट आणि चौकोनी बाग असलेले युरानिबोर्गचे, म्हणजे टायकोच्या वाडा-वेधशाळेचे, जे चित्र सगळीकडे दाखवले जाते, ते त्या काळचे छापचित्र आहे, आणि टायको 1601 साली प्राग इथे वारल्यानंतर ती इमारत पाडून तिच्या विटा-दगड दुसऱ्या बांधकामांना लावले गेले. हेच चित्र वर छापून आम्हाला 'किल्ला आणि वेधशाळा' अशी एका दिवसाची सहल विकण्यात आली. तिच्यासाठी जे पैसे मोजले, तेवढ्यात तिकिटे स्वतः काढून तिघांचे जाणे-येणे आरामात झाले असते. किल्ला उभा आहे असे त्या पत्रकात कुठेही लिहिलेले नव्हते, हे परतल्यावर ते पुन्हा वाचताना लक्षात आले आणि राग अधिकच वाढला.

स्वतः जाणे मुळीच कठीण नाही. हे बेट 1658 च्या रोस्किल्ड तहानंतर स्वीडनकडे गेले, त्यामुळे कोपनहेगनहून आगगाडीने सामुद्रधुनी ओलांडून लान्सक्रोनाला उतरावे, तिथून धक्क्यापर्यंत बस आहे, आणि पुढे बोटीने साधारण अर्धा तास लागतो. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, तरी पारपत्र जवळ ठेवावे. चलन मात्र स्वीडिश क्रोना आहे. संग्रहालय हंगामी आहे, तेव्हा वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात.

खरा त्रास बोटीतून उतरल्यावर सुरू होतो. बेट लहान आहे, पण त्याचा माथा सपाट आणि कडेला उतार आहेत. धक्क्यापासून वर येणारा रस्ता भाड्याच्या जड सायकलीवर चढताना मांड्या भरून येतात, आणि वर पोहोचल्यावर आडोसा म्हणून काही नाही. त्या उघड्या शेतांवरून समोरून येणारा वारा असा होता की सपाटीवरसुद्धा उतरून सायकल ढकलावी लागली. रायगड चढलेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण रायगडावर निदान कोणी सायकल घेऊन जात नाही. सायकल घेण्यापूर्वी ब्रेक आणि गिअर तपासावेत, नाहीतर सरळ चालत जावे. वाऱ्याच्या दिवशी चालणेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने 1576 साली हे बेट टायकोला दिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युरानिबोर्गची पायाभरणी झाली. आज तिथे मातीचे तट दिसतात, ज्यांचे कोपरे चार दिशांना रोखलेले आहेत, आणि बागेचा एक भाग नव्याने लावलेला आहे. टायकोसाठी इथल्या शेतकऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस वेठीला राबावे लागे, हे ठाऊक असले म्हणजे वाड्याच्या जागी उरलेल्या गवताकडे पाहून फारशी हळहळ वाटत नाही.

थांबण्याजोगी जागा आहे ती स्टेर्नेबोर्ग. ही दुसरी वेधशाळा 1584 च्या सुमारास जमिनीखाली बांधली गेली, कारण वाड्याच्या उंच सज्जांवर यंत्रे वाऱ्याने हलत आणि मापे बिघडत. रस्त्यावर ज्या वाऱ्याला आम्ही शिव्या घातल्या, त्याच वाऱ्याने टायकोला जमिनीत उतरायला लावले होते, आणि हे तिथे उभे राहूनच पुरते पटते. वरची छते आताची आहेत, पण खालचे खड्डे मूळचे: गोल भिंती, आणि मधल्या यंत्राकडे उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांची वर्तुळे, म्हणजे तारा जितका वर असेल तितके निरीक्षकाने खालच्या पायरीवर यावे. दुर्बीण नसताना नुसत्या डोळ्यांनी इथे घेतलेले उत्तम वेध एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आसपास अचूक होते. मंगळाच्या गणितात आठ कलांचा फरक पडतो म्हणून केप्लरने वर्तुळाकार कक्षा सोडून दिली, ती या वेधांवर असलेल्या भरवशामुळेच.

फ्रेडरिकनंतरचा राजा चौथा क्रिस्टियन याच्याशी बिनसल्यामुळे टायकोने 1597 साली डेन्मार्क सोडला. पुढे 1671 मध्ये फ्रेंच खगोलज्ञ पिकार युरानिबोर्गचे नेमके स्थान मोजायला आला, तेव्हा वाड्याचा पायाच शोधून काढावा लागला. त्याच्या मदतीला होता ओले रोमर, जो पुढे त्याच्याबरोबर पॅरिसला गेला आणि ज्याने 1676 मध्ये गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो हे दाखवले. आमच्या सहलीत या दोघांचा उल्लेखसुद्धा झाला नाही.

पुढचे हेल्सिंगोर वगैरे दिवस सुखाचे गेले, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. कोपनहेगनचा गोल मनोरा मात्र ह्वेननंतरच पाहावा, आधी नव्हे. तो 1637 ते 1642 या काळात त्याच चौथ्या क्रिस्टियनने बांधवला आणि तिथल्या वेधशाळेचा पहिला प्रमुख होता टायकोचाच जुना मदतनीस लोंगोमोंटानुस. वर जायला पायऱ्यांऐवजी 209 मीटरचा फिरता चढ आहे, तो सायकलीने दुखावलेल्या पायांनाही झेपतो. अरुंद जिना फक्त शेवटी येतो. विद्यापीठाचे ग्रंथालय शेजारच्या चर्चच्या माळ्यावर होते, ते 1728 च्या आगीत जळाले. रोमरची बहुतेक निरीक्षणेही त्याच आगीत गेली. त्या दालनात आज प्रदर्शने भरतात. चढाच्या मध्यावर दार आहे, आणि वर जाण्याच्या घाईत बहुतेक लोक ते ओलांडून जातात. तिथे आत शिरावे.