नाक खुपसायची सवय

घरी पाव भाजणाऱ्या आणि कुंड्यांत भाजी लावणाऱ्या माणसाचं एका गोष्टीसाठी हमखास कौतुक होतं. "काय धीर आहे हो तुमच्यात!" हे ऐकलं की मला वाटतं, माझ्या मागे कोणी दुसरंच उभं आहे की काय. धीराचा माणूस हाताची घडी घालून बसतो. इथे तसं बसलं तर पीठ फुगून, दमून, पसरून मोकळं होतं, काकडी वेलावरच पिवळी पडते आणि कोथिंबिरीला फुलं येतात. या दोन्ही उद्योगांना लागतो तो निव्वळ चोंबडेपणा. येता-जाता डोकवायचं, हुंगायचं, बोट लावून बघायचं. आणि एवढं करून बहुतेक वेळा काहीही न करता परत फिरायचं. हे शेवटचं जमायलाच जास्त अवघड.

सावरडो म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठावर फुगवलेला पाव. त्याची सुरुवात दिसायला अगदीच क्षुल्लक. बरणीत समान वजनाचं पीठ आणि पाणी कालवायचं, झाकण सैल ठेवायचं, बस. यीस्टची पुडी नाही. पिठातच जे यीस्ट आणि जिवाणू असतात ते कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी बरणीत बुडबुड्यांची धमाल उडते, नवखा माणूस खूश होऊन फोटोबिटो काढतो. गंमत म्हणजे हे बुडबुडे बरेचदा यीस्टचे नसतातच. ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू आधी हात मारून घेतात, आणि त्या दिवसांतला वास काही फार सभ्य नसतो. पण बरणीतला आंबटपणा वाढत गेला की त्यांचंच चालेनासं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी एकदम ढिम्म. कितीतरी स्टार्टर, म्हणजे बरणीतली ही पिठाची विरजणं, याच दिवशी मोरीत ओतले जात असतील. खरं तर आत तेव्हाच माणसं बदलत असतात. आंबटपणा सोसणारे जिवाणू बस्तान बसवतात आणि त्यांच्या बरोबरीने यीस्ट डोकं वर काढतं. रोज थोडा भाग काढून ताजं पीठ-पाणी घालत राहिलं, की आठवड्या-दोन आठवड्यांत बरणी नियमाने फुगायला आणि बसायला लागते.

डोळ्यांना यातलं फार थोडं कळतं. नाकाला मात्र सगळं कळतं. सुरुवातीला ओल्या मोज्यांचा वास, मग नुसता आंबट, आणि एक दिवस झाकण उघडताच पिकलेल्या फळासारखा. नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा भपकारा आला तर समजायचं की उपास घडलाय, आता पीठ घाला. बरणीत शब्दशः नाक खुपसावं लागतं. यासाठी धीराचा काही उपयोग नाही, सर्दी नसली म्हणजे झालं.

आतल्या मंडळींचा संसार मला फार आवडतो. १९७१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सावरडोतला लॅक्टोबॅसिलस वेगळा काढून त्याचं वर्णन केलं, आणि पुढे त्याला त्या शहराचंच नाव मिळालं. पिठातल्या स्टार्चपासून माल्टोज नावाची साखर सुटत असते. या जिवाणूला ती अतिशय प्रिय, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या यीस्टला ती पचतच नाही. ते दुसऱ्या साखरा खातं. जिवाणू आम्ल तयार करतो, ते बाहेरच्या बऱ्याच उपटसुंभांना सोसत नाही, पण या यीस्टला चालतं. ताटावरून भांडण नाही आणि दारावर पहारा फुकट. पावातली जाळी यीस्टची, आंबटपणा मुख्यतः जिवाणूंचा. आपण फक्त मध्ये मध्ये जाऊन "काय चाललंय?" विचारायचं.

पाककृतींमध्ये वजनं चोख असतात. पीठ १०० धरलं तर पाणी ७०, स्टार्टर २०, मीठ २, असं काहीतरी. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती "चार तास ठेवा" या वाक्याला. कुठे ठेवा? २७ अंशांच्या खोलीत जे पीठ चार-पाच तासांत तयार होईल, तेच २१ अंशांना त्याहून कितीतरी जास्त वेळ घेईल. पिठाला घड्याळ दिसत नाही, त्याला फक्त उबारा कळतो. म्हणून भांडं काचेचं आणि सरळ भिंतींचं घ्यावं. कडेला बुडबुडे दिसतात, किती चढलं ते कळतं, भांडं हलवलं की पीठ थुलथुलतं. फ्रिजमध्ये चार अंशांवर रात्रभर ठेवलं की सगळं मंदावतं आणि आपल्याला झोप मिळते. चोंबड्या माणसालाही ती लागतेच.

मग बोटाची परीक्षा. गोळ्यावर पिठाचं बोट हलकेच दाबायचं. खळगा टुणकन भरून आला तर अजून वेळ आहे. हळूहळू आणि अर्धवटच भरला तर ओव्हन तापवा. तसाच राहिला तर वेळ टळून गेली, पाव बसका होणार.

तेच बोट धुवायच्या आधी (किंवा खरं सांगायचं तर न धुताच) कुंडीत जातं. दोन पेरांपर्यंत मातीत खुपसायचं. वरची माती फटफटीत कोरडी दिसली तरी खाली गारवा लागला, तर पाणी घालायचं नाही. कुंडीतली रोपं तहानेने मरतात त्यापेक्षा मायेने जास्त मरतात, असं माझं मत आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि सतत चिखलात ती गुदमरतात. उलट एक दिवस पूर आणि चार दिवस दुष्काळ केला, की टोमॅटोचं बूड काळं पडून बसतं. लोक लगेच कॅल्शियम कमी म्हणून अंड्यांची टरफलं चुरून टाकतात. मातीत कॅल्शियम बहुधा असतं. पाण्याची ओढाताण झाल्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही, एवढंच.

टोमॅटोच्या फुलाची तर वेगळीच तऱ्हा. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग, तरी फळ आपसूक धरेलच असं नाही. पराग एका पिवळ्या नळकांड्यात कोंडलेला असतो आणि तो हलवल्याशिवाय नीट सांडत नाही. मोकळ्यावर हे काम वारा करतो, किंवा भुंग्यांच्या जातीतल्या काही मधमाशा. त्या फुलाला लोंबकळून अंगाचे स्नायू थरथरवतात. साध्या मधमाशीला ही कला येत नाही. बंद बाल्कनीत दोन्हींची वानवा, म्हणून मी जुना बॅटरीवरचा टूथब्रश घेऊन जाते. सकाळी ऊन चढल्यावर देठाच्या मागे ब्रश टेकवून चालू करायचा. फुलाखाली काळा कागद धरला तर त्यावर पिवळी भुकटी पडताना दिसते. घरचे म्हणतात, हिने आता झाडांचे दात घासायला काढले. म्हणू देत. दिवसाचं तापमान ३२ अंशांच्या वर जायला लागलं आणि रात्रही उकडायला लागली, की फुलं गळतात. तेव्हा ब्रशही काही करू शकत नाही.

भोपळा आणि काकडीकडे भल्या सकाळी जावं लागतं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीच बसलेलं असतं, नर फूल नुसत्या देठावर. नर फूल खुडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि उरलेला दांडा मादी फुलाच्या मध्यावर फिरवायचा. भोपळ्याचं फूल तर दुपार व्हायच्या आत मिटतं. त्यामुळे इथे धीर धरणाऱ्याला नुसती पानंच मिळतात.

पानांच्या खालची बाजू उलटून बघणं हा माझा आवडता उद्योग. मुंग्यांची रांग खोडावरून वर चाललेली दिसली की वर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आहे असं खुशाल समजावं, कारण माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या जातात. त्याच पानावर कधी कधी काळी, लांबुळकी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली एक भेसूर अळी असते. दिसली रे दिसली की लोक चिरडतात. ती चित्रांग भुंग्याची, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या त्या गोड किड्याची अळी. दिवसभर ती मावाच खाते. बाळाचं रूप बघून आईबापांना हाकलू नये. आणि वालाचं किंवा घेवड्याचं झाड संपलं की फेकण्याआधी मुळं झटकून बघावीत. मुळांवर गाठी असतात. एखादी नखाने फोडली आणि आत गुलाबी निघाली, तर तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवत होते.

टोमॅटोचं बी धरायचं असेल तर पुन्हा बरणीच लागते. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण त्यांना फळातच उगवू देत नाही. म्हणून गर आणि बिया थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस आंबवत ठेवायच्या. वर पांढरी बुरशीची साय धरते, चांगल्या बिया तळाशी बसतात. मग धुऊन ताटलीत वाळवायच्या. संकरित वाणाच्या बियांतून आईसारखंच झाड येईल याची खात्री नाही, तेव्हा बी देशी झाडाचं घ्यावं. ही बरणी ओट्यावर स्टार्टरच्या शेजारीच असते. दोन्हींत बुडबुडे, दोन्हींना वास. आता घरातल्यांनी बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लावल्यात, आणि चहा करताना साखरेचा डबासुद्धा आधी हुंगून घेतात.