बँकॉकचा तरंगता बाजार : बोटीत बसण्यापूर्वी हे वाचा

बँकॉकला निघालेल्या आपल्या भागातील मंडळींना सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. दामनोएन सादुआक या तरंगत्या बाजाराला दिलेला अर्धा दिवस सहलीतून काढून टाका, आणि तो काढणे शक्य नसेल तर गाडीवाला जिथे उतरवील त्या घाटावरच्या बोटीत बसू नका. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला, तेव्हापासून दारव्हा-दिग्रस पट्ट्यातील कास्तकार, निवृत्त गुरुजी आणि बचत गटांतल्या बाया कापूस विकून झाल्यावर गटागटाने तिकडे जाऊ लागल्या आहेत. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत हा बाजार ठळक अक्षरांत छापलेला असतो, म्हणूनच हा तपशील लिहीत आहे.

हा बाजार बँकॉकच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर, राचबुरी प्रांतात आहे. ज्या कालव्यात तो भरतो, तो राजा मोंगकुट यांच्या काळात मे क्लोंग आणि था चिन या दोन नद्या जोडण्यासाठी खोदला गेला आणि १८६८ मध्ये पूर्ण झाला. त्या काळी भाजीपाला व फळे याच पाण्यावरून जात असत. पुढे रस्ते झाले, माल गाड्यांवर गेला, आणि आज बोटींवर जे मांडलेले असते ते बहुतांशी पर्यटकांसाठीच असते. हे आधी कळले असते तर आमच्या गटातले निम्मे लोक पहाटे उठलेच नसते.

खरी लूट बाजारात होत नाही, ती बाजाराच्या अलीकडे होते. आमच्या व्हॅनच्या चालकाने बाजारापासून बऱ्याच अंतरावरच्या एका खाजगी घाटावर गाडी थांबवली आणि ‘इथूनच जावे लागते’ असे हातवारे करून सांगितले. घाटावर लॅमिनेट केलेला दरफलक होता व त्यावर बोटीचा दर २००० बाथ लिहिलेला होता. एक बाथ (थायलंडचे चलन) तेव्हा साधारण अडीच ते पावणेतीन रुपयांना पडत होता, म्हणजे तासाभराच्या फेरीला पाच हजारांच्या वर रुपये, जवळजवळ पाऊण क्विंटल कापसाचे पैसे. घासाघीस केल्यावर दर खाली आला, पण ज्या वेगाने तो खाली आला त्यावरूनच मूळ आकडा किती फुगवलेला होता ते दिसून आले. ग्राहक आणणाऱ्या चालकाला अशा घाटांकडून कमिशन मिळते, ही तिथली सर्वज्ञात पद्धत आहे.

बोटीत बसल्यावर पहिली काही मिनिटे बरी जातात. त्यानंतर कालवा अरुंद होतो, बोटींची रांग लागते, आणि पुढच्या बोटीच्या लांब दांड्याच्या इंजिनाचा धूर सरळ तोंडावर येतो. परतून आल्यावरही तो माझ्या घशात आहे. काठावरचे दुकानदार बाकदार टोकाच्या काठीने तुमची बोट ओढून दुकानाला लावतात आणि वस्तू हातात दिल्याशिवाय सोडत नाहीत. हत्तींची नक्षी छापलेल्या ज्या विजारीसाठी आमच्या वहिनींकडे ४०० बाथ मागितले गेले, तशीच विजार बँकॉकच्या प्रातूनाम बाजारात १०० बाथना टांगलेली होती. काकाजींना पाण्यावर ताजी फळे विकणाऱ्या बाया पाहायच्या होत्या. तशा दोन-चार होत्या, आणि त्यांच्याकडचा चिकट भातासोबतचा आंबा खरोखर उत्तम होता, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही जायचेच असेल तर बँकॉकच्या दक्षिण बसस्थानकावरून मिनीव्हॅन घ्या, सकाळी नऊच्या आत पोहोचा, आणि मुख्य बाजारापर्यंत जाऊन काठाच्या पायवाटेने फिरा. कालव्याच्या दोन्ही बाजूंनी चालता येते आणि वरून सगळे दिसते. त्याला एक बाथही लागत नाही. शुक्रवार ते रविवार यांपैकी दिवस हाताशी असेल, तर दुपारनंतर भरणारा अम्फावाचा बाजार निवडा. तिथे थायी कुटुंबेच जास्त येतात आणि दर त्यांच्या खिशाचे असतात.

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर होणारी फसवणूक वेगळ्या तऱ्हेची आहे. नीटनेटक्या कपड्यांतला एखादा माणूस अदबीने सांगतो की आज बौद्ध सण असल्यामुळे दुपारपर्यंत वाडा बंद आहे, तोवर टुकटुकने (तिथल्या तीनचाकी रिक्षेने) २० बाथमध्ये दुसरी मंदिरे पाहून या. ही टुकटुक रत्नांच्या आणि शिंप्यांच्या दुकानांत नेऊन सोडते. त्या माणसाचे ऐकू नका, थेट तिकीट खिडकीपर्यंत चालत जा. वाडा सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाथ आहे, आणि खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत. धोतर आणि साडी चालते, बिनबाह्यांचे ब्लाऊज चालत नाही. त्याच तिकिटात आवारातले राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय पाहता येते, जे आमच्या गाइडने सांगितलेच नाही. कापूस पिकवणाऱ्या माणसाने ते चुकवू नये.

वाट फो हे मंदिर मात्र मुळीच चुकवू नये असे आहे. ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धमूर्तीच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हे कोरलेली आहेत, आणि मागच्या बाजूच्या १०८ काशाच्या पात्रांत लोक एकेक नाणे टाकत जातात, तो आवाज सभामंडपभर फिरत राहतो. तिकिटाचे ३०० बाथ पूर्णपणे वसूल होतात. पट्टाया या समुद्रकाठच्या शहरातले दिवस आरामात गेले, त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. एवढेच की कोह लार्न बेटावर पॅकेजच्या स्पीडबोटीऐवजी बाली हाय धक्क्यावरून ३० बाथच्या सार्वजनिक बोटीने जा, म्हणजे मध्येच समुद्रातल्या पॅरासेलिंगच्या फलाटावर ताटकळावे लागणार नाही.

आणखी एक खर्च घरूनच वाचतो. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमन कार्ड भरावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी त्याचे माणशी ५०० रुपये घेतले जात आहेत, पण थायी इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर ते पूर्णपणे मोफत आहे आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला पासपोर्ट देऊन बसवा.

शहरात फिरताना चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट वापरा, तिचे भाडे १६ बाथ आहे. साथोर्न धक्क्यावर पर्यटक बोटीची मोठी तिकीट खिडकी आधी दिसते आणि तिथली मुलगी तुम्हाला त्याच रांगेत उभे करू पाहते. तिला नम्रपणे नकार देऊन पुढे जा. वाट फोहून वाट अरुण या मंदिराला जाण्यासाठी था तिएन धक्क्यावरून ५ बाथची होडी मिळते. वाट अरुणचे जिने उभे आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्याच ओट्यावर बसावे, आणि बाकीच्यांनी ऊन चढण्यापूर्वी वर जाऊन यावे.