मशीनमागचं गाठोडं

अष्टमी, रात्री

उद्या खंडेनवमी. दुपारनंतर मशीन बंद करून साफसफाई काढली. वर्षातून एकदाच सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, कूलंटच्या (थंडाव्याच्या पाण्याच्या) टाक्या पुढे ओढल्या जातात आणि मागून काय काय निघतं. हरवलेल्या ॲलन की, कुणाचा तरी चष्मा, एकदा तर डबाच निघाला होता. आज तीन नंबरच्या मशीनमागून वेस्टच्या चिंध्यांत बांधलेलं एक गाठोडं निघालं. हेल्परनं पायानं सरकवलं तर खणखणलं.

आत बुश होते, आरपार भोक असलेले लोखंडी तुकडे. मोजले, १४ भरले. गंज धरलेले.

मामांनी एक उचलला, पँटला पुसला आणि प्लग गेजची, म्हणजे भोक मापायच्या दांड्याची, नो-गो बाजू आत सोडली. ती आत जायला नको असते. सुर्रकन पार गेली. बोअर, म्हणजे भोक, लहान राहिलं असतं तर अजून एक कट मारून जॉब (करायला घेतलेला तुकडा) वाचवता आला असता. मोठं झालं की संपलं, लोखंड परत भरता येत नाही.

मी विचारलं, "कुणाचे?"

या प्रश्नाला आजवर कुठल्या कारखान्यात उत्तर मिळालंय? कुणी नळ सोडला, कुणी झाडू उचलला. कुणी कुणाकडे बघेना.

सहा वाजता मामा केबिनमध्ये आले. एरवी दारातूनच बोलतात, आज आत येऊन बसले. "ताई, नाव शोधू नका. हे कुणीही लपवले असते. मी पण लपवलेत."

"तुम्ही?"

"अण्णांच्या वेळी. डब्याच्या पिशवीतून न्यायचो आणि जाताना ओढ्यात टाकायचो."

मामा म्हणजे आमच्याकडे ३१ वर्षं काम करणारे टर्नर. नव्या पोरांना मी ज्यांचं उदाहरण देते ते. त्यांचा एकही जॉब कधी रिजेक्ट झाला नाही, असं आधी कारखाना चालवणारे अण्णा अजून पाहुण्यांना सांगतात.

मार्चमध्ये एका ऑर्डरला १४ जॉब कमी भरले होते. मी बार कापून देणाऱ्याशी कडाक्याचं भांडले होते, तुकडे कमी पाठवलेस म्हणून. त्याला आज फोन करून माफी मागायला हवी होती. (केला नाही.)

खंडेनवमी

पूजा झाली. मशीनना झेंडू, लेथला सर्वांत मोठा हार, तो मान जुना. पेढे वाटले. पोरं नेहमीसारखी हसत होती, पण मी जवळ गेले की आवाज खाली यायचा. रोजच येत असेल, आज कानावर आला.

घरी येऊन पगाराचं शीट उघडलं. ओव्हरटाइम आणि उचल यांच्या मधोमध एक रकाना आहे, 'रिज.' म्हणून. अण्णांच्या लाल वहीत होता, तसाच मी कॉम्प्युटरवर चढवला. जॉब फुकट गेला की त्या महिन्यात कापायचे, दोनशे, तीनशे. वेतनाच्या कायद्यात दंडाला पगाराच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे आणि कापण्याआधी माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं. मर्यादा मी पाळली असेन. म्हणणं मात्र अण्णांनीही ऐकलं नाही, मीही नाही.

गेल्या वर्षभरात त्या रकान्यात ११,४०० रुपये जमलेत. आणि मामांचा अंदाज खरा असला, म्हणजे कुणीतरी ऑफसेट (हत्यार किती सरकवायचं तो आकडा) भरताना वजाच्या जागी अधिक मारलं असलं, तर पहिल्याच जॉबला "ताई, बघा जरा" म्हटल्यावर बाकीचे तेरा वाचले असते. मटेरियल, मशीनचा वेळ, उशिरा गेलेली डिलिव्हरी, भांडण. कापून मिळाले ११,४००, त्यापायी गेले किती याचा हिशेबच नाही, कारण जे गेलं ते टाकीमागे किंवा ओढ्यात.

गुरुवार

भोसरीत रविवार गुरुवारी येतो. बाहेरच्यांना हे समजावताना गंमत वाटते. विजेच्या सोयीनं इथली औद्योगिक सुट्टी गुरुवारी पडली ती पडलीच. अर्धा एमआयडीसी परिसर आज झोपलेला.

सुट्टी म्हटलं की मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला हक्काचा सुट्टीचा वारच नव्हता. लोखंड्यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि १० जून १८९०ला रविवार मिळाला. सहा वर्षं लागली. आपण मात्र "आमच्याकडे आठवड्याची सुट्टी व्यवस्थित देतो" असं घरच्या विहिरीचं पाणी पाजल्यासारखं सांगतो. मीसुद्धा सांगते, ग्राहकाच्या ऑडिटमध्ये.

दुपारी काहीच काम नव्हतं म्हणून रजेच्या अर्जांची फाईल घेऊन बसले. तीन वर्षांचे अर्ज. 'कारण' या रकान्यात काय काय आहे! पोटात दुखते. गावी काम. आजी वारली. एकाच माणसाची आजी दोनदा वारलीय, चालेल, आज्या दोन असतात. पण दुसऱ्या एकाची तीनदा.

हसून घेतलं. मग जुन्या गठ्ठ्यात एक अर्ज सापडला. तीन वर्षांपूर्वीचा, व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) चालवतो त्याचा. 'मुलीचा शाळेत डान्स आहे.' खाली माझ्या अक्षरात: नामंजूर. मला तो दिवस आठवतो. सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नाचाला सुट्टी? मग उद्या मी पण नाचते." सगळे हसले होते. तोही हसला होता. त्यानंतरच्या एकाही अर्जात डान्स नाही, सिनेमा नाही, बायकोचा वाढदिवस नाही. त्यानंतरच्या अर्जांत माणसं मरायला लागली.

म्हणजे माझ्याकडे खरं बोलण्याचा भाव जास्त आहे आणि खोटं स्वस्तात पडतं. बाजारात स्वस्त तेच खपणार.

रात्री जेवताना अण्णांना गाठोड्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आमचेही कापायचे. मी काय आभाळातून शिकलो?" अण्णा पलूसकडचे. किर्लोस्करवाडीची गोष्ट त्यांच्याकडून मी शंभरदा ऐकलीय: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना मांडला आणि रखवालीला माणसं ठेवली ती कोण, तर तुरुंग भोगून आलेली. चोऱ्या-दरोड्यात नाव असलेल्या माणसाला त्यांनी कारखाना राखायला दिला. अण्णांचा ऊर हे सांगताना दर वेळी भरून येतो.

मी म्हटलं, "मग आपण बुश मोजत का बसलो?"

अण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कोजागरीनंतरचा सोमवार

सकाळी सगळ्यांना लेथजवळ बोलावून सांगितलं: 'रिज.'चा रकाना आजपासून बंद. जॉब गेला की लाल क्रेटमध्ये टाकायचा, खडूनं मशीन नंबर लिहायचा आणि मला किंवा मामांना हाक मारायची. पैसे कापले जाणार नाहीत.

लाल क्रेट आमच्याकडे पहिल्यापासून आहे. ऑडिटच्या दिवशी पुसून ठेवतो. त्याच्या वरच्या भिंतीवर कायझेनचा (रोज थोडी थोडी सुधारणा) फळा आहे, तोही ऑडिटवाल्यांसाठीच. हे सगळे शब्द जपानहून भोसरीपर्यंत आले, फळ्यावर बसले आणि तिथंच राहिले. टोयोटाच्या कारखान्यात साधा कामगार दोरी ओढून अख्खी लाईन थांबवू शकतो, हे मला कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं. त्या दोरीला हात घालायची हिंमत कुठून येते, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं.

भाषण झाल्यावर कुणी काही बोललं नाही. "बरं, ताई." एवढंच. आज संध्याकाळी क्रेट रिकामं. २२ माणसं, सात मशीन, दिवसभरात एकही जॉब गेला नाही? देव पावला म्हणायचं.

दुपारी मात्र एक पाहिलं ते लिहून ठेवते. आमच्या पोरांची भिशी आहे. १८ जण, महिन्याला हजार, दर महिन्याला चिठ्ठी निघते. मला याचा पत्ता होता, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. आज जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठी निघाली ती ग्राइंडरवाल्याची. सगळ्यात लहान हेल्परच्या बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. ग्राइंडरवाल्यानं चिठ्ठी वाचली, डबा झाकला आणि म्हणाला, "माझं नाव पुढं ढकला. पोराला द्या." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी त्याला मोठं म्हटलं नाही. पैसे मोजले, त्या पोराच्या हातात दिले आणि लोणच्यावरून पुन्हा भांडण सुरू झालं.

त्या पोराला कुणी विचारलं नाही की बहिणीचं लग्न खरंच आहे का, पत्रिका दाखव. मी उचल देताना विचारते. दवाखान्याची चिठ्ठी मागते, शाळेची पावती मागते. माझ्याकडे न येता भिशीकडे का जातात, हे आता विचारायची गरज नाही.

मी गेले काही महिने 'आपल्याकडे चांगलं वातावरण कसं तयार करावं' यावर वाचत होते. वातावरण जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास होतंच. साडेबाराला मी केबिनचं दार लावून जेवत होते.

वसुबारस

बोनस. कायद्यानं कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २०. ८.३३ म्हणजे बारावा हिस्सा, साधारण एक पगार. ठरलेल्या मर्यादेवर पगार असलेले कायद्यात बसत नाहीत, पण त्यांनाही आम्ही देतो. ते तेवढं आमचं. बाकीचं त्यांच्या हक्काचं.

तरी इतकी वर्षं आम्ही ते दानासारखं वाटत आलोय. अण्णा खुर्चीवर, शेजारी लक्ष्मीचा फोटो, एकेकानं यायचं, पाया पडायचं, पाकीट घ्यायचं, फोटो. मामा अण्णांच्याच वयाचे, तेही वाकतात. यंदा मी ठरवलं, हे बंद. सकाळीच सगळ्यांच्या खात्यात जमा केलं, मिठाई टेबलावर मांडून ठेवली. ज्यानं त्यानं घ्यावी. मनातून स्वतःवर भलतीच खूश होते.

चार वाजता मामा दारात. "ताई, पाकीट नाही?"

"मामा, खात्यात आलं ना?"

"आलं की. पण घरी काय नेऊ? मोबाईल दाखवू?" मग थोडं थांबून, "नातू पाकिटाची वाट बघतो. वास घेतो त्याचा."

घ्या. मी त्यांच्या मानाचा विचार करत बसले आणि त्यांना एकदाही विचारलं नाही. पळत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटं आणली, प्रत्येकात पन्नासाची कोरी नोट आणि बोनसची स्लिप घातली. या वेळी मीच प्रत्येकाच्या मशीनपाशी गेले. कूलंटनं ओल्या हातांनी पाकिटं घेतली त्यांनी, कोपरे भिजले. मामा वाकायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि लेथला नमस्कार केला. म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते.

कार्तिकी एकादशीच्या आधीचा मंगळवार

लाल क्रेटमध्ये परवा पहिला जॉब पडला. त्यावर खडूनं मशीन नंबर नव्हता, नावच होतं: 'मामा'. ३१ वर्षांत त्यांचा रिजेक्ट झालेला जॉब मी पहिल्यांदा पाहिला. काल तीन पडले. ऑफसेटवरून पोरं मामांना हाका मारताहेत आणि मामा कावलेत, "माझं काम कधी करू?" ते खरं आहे, त्यांचा जॉब मागे पडलाय. रिजेक्शनचा आकडाही कागदावर वाढलाय. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याला तो दाखवताना काय सांगायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. "पूर्वी ओढ्यात जायचे" असं तर लिहिता येणार नाही.

एकादशीला तिघं पंढरपूरला चालले. अर्ज आले, कारणाच्या रकान्यात 'पंढरपूर', पहिल्यांदाच. गेल्या वर्षी याच आठवड्यात तिघांनाही ताप होता.

चौथा अर्ज व्हीएमसीवाल्याचा. मुलीच्या डान्सवाला. शुक्रवार-शनिवार, दोन दिवस. कारण: 'कंटाळा आला आहे.'

मी तो तीनदा वाचला. शनिवारी डिस्पॅच आहे, तिघं आधीच वारीला, आणि याला कंटाळा. जिभेवर आलेलं गिळलं. बाहेर बघितलं तर तो मशीनपाशी उभा, दार उघडून चिप काढत होता, पण लक्ष सगळं केबिनकडे.

सही केली. शनिवारी व्हीएमसीवर कोण उभं राहणार, ते उद्या बघू.