आधी मोटरची पाटी वाचा, मग ड्राइव्ह घ्या

ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी) म्हणजे महागडा स्टार्टर, असं वाळूजच्या शेडपासून शेतातल्या बोअरपर्यंत सगळीकडे धरलं जातं. स्टार्टर आलेली लाइट जशीच्या तशी मोटरला देतो. ड्राइव्ह ती आधी डीसी करतो आणि सेकंदाला हजारो वेळा तोडून हव्या त्या हर्ट्झची नवी लाइट बनवतो; हर्ट्झ कमी केले की मोटरचा वेग उतरतो. ही तोडलेली लाइट प्रत्येक मोटरला मानवत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी मोटरच्या पाटीचा फोटो काढा: व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, आरपीएम आणि वाइंडिंगची जोडणी स्टार की डेल्टा.

सिंगल फेजची कपॅसिटरवाली मोटर ड्राइव्हवर लावू नका. घरगुती गिरणी, लहान कडबाकुट्टी यांत बहुधा हीच असते. तोडलेल्या लाइटनं कपॅसिटर तापून फुगतो. कपॅसिटर-स्टार्ट मोटरच्या आत सेंट्रिफ्युगल स्विच असतो, तो पूर्ण वेगाच्या साधारण 75 टक्क्यांना उघडतो. वेग त्याखाली आणला की स्विच परत जुळतो आणि दोन-चार सेकंदांसाठी बनवलेलं स्टार्टिंग वाइंडिंग चालूच राहून जळतं.

घरात सिंगल फेजच असेल तर मोटर थ्री-फेज घ्या आणि ड्राइव्ह सिंगल फेज इनपुटचा. असा ड्राइव्ह बाहेर 230 व्होल्ट देतो, 415 नाही. आपल्याकडच्या 3 एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा 415 ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर जोडपट्ट्या बदलून डेल्टा करा. करंट 1.73 पट होतो, म्हणजे पाटीवर 4.6 अँपिअर असेल तर ड्राइव्हच्या ओव्हरलोड सेटिंगमध्ये 8 भरा. पाटीवरचा आकडा तसाच भरला तर ड्राइव्ह विनाकारण ट्रिप होत राहतो आणि दोष मोटरवर येतो. 3 एचपीच्या पूर्ण लोडला इनपुट 20 ते 25 अँपिअर ओढतं, तेव्हा घरातल्या प्लगचा नाद सोडा. 5 एचपीची मोटर मुळातच 415 ला डेल्टात असेल तर या मार्गानं जाऊच नका. 230 वर तिचा जोर 50 हर्ट्झला तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

आता बोअर. मराठवाड्यात इथंही मोटरी जळतात. सबमर्सिबलचं थ्रस्ट बेअरिंग (खालचा दाब पेलणारं) पाण्याच्या पातळ थरावर तरतं आणि तो थर मोटर पुरेशा वेगात फिरली तरच तयार होतो. म्हणून 30 हर्ट्झच्या खाली ती चालवायची नाही, आणि सुरू करताना 0 ते 30 एका सेकंदात गाठायचं. वीस सेकंदांचा मुलायम स्टार्ट पंख्याला ठीक, इथं तो बेअरिंग खातो.

पण 30 हर्ट्झ ही मोटरची मर्यादा झाली, पंपाची वेगळी असते. पंपाचा हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवतो ते, वेगाच्या वर्गानं घटतो. व्हॉल्व्ह बंद असताना 50 हर्ट्झला 150 मीटर हेड देणारा पंप 40 हर्ट्झला 96 मीटरच देतो. दिवाळीत पाणी 80 मीटरवर असताना 40 वर धार येते. मे महिन्यात तेच पाणी 110 मीटरवर गेलं की पंप फिरतो, पण थेंब वर येत नाही. मोटरभोवतीचं पाणी वाहत नाही, ते तापतं आणि वाइंडिंग जळतं. करंट मात्र कमीच दिसतो, त्यामुळे ओव्हरलोडला काही कळत नाही. किमान हर्ट्झ उन्हाळ्यात पुन्हा ठरवा: हर्ट्झ हळूहळू कमी करत धार कुठं तुटते ते पाहा, त्याच्यावर 3-4 हर्ट्झ ठेवा आणि अंडरलोड ट्रिप (करंट फार कमी झाला की बंद करणारी सेटिंग) चालू करा.

शिवाय 500 फुटांच्या बोअरला केबलच दीडशे मीटर लागते. ड्राइव्हच्या आतला डीसी साधारण 590 व्होल्ट; लांब केबलच्या टोकाला त्याचा ठोका दुप्पट होऊन 1,170 पर्यंत जाऊ शकतो. त्यानं पहिल्या काही वेढ्यांचं इन्सुलेशन फुटतं. एवढ्या लांबीला साधा चोक अपुरा, ड्राइव्हच्या आउटपुटला साइन फिल्टर (तोडलेली लाइट गुळगुळीत करणारा) लावा. महाग आहे, पण मोटर वर काढून रिवाइंड करण्यापुढे स्वस्तच.

लातूरच्या डाळ मिलमधला ब्लोअर कमी वेगावर निर्धास्त चालतो, कारण त्याचा लोडही उतरतो. 55 हर्ट्झवर मात्र नेऊ नका, ताकद 33 टक्के जास्त लागते. धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरचं उलटं: वेग कमी केला तरी ओझं तेवढंच आणि मोटरच्या मागचा पंखा मात्र मंद. 20-25 हर्ट्झखाली तासन्‌तास चालवायचं तर मोटरला स्वतंत्र लाइनवरचा पंखा हवा. ड्राइव्ह बहुधा 40 अंशांसाठी मोजलेला असतो. मे महिन्यात पॅनलच्या आत त्याहून जास्तच असतं. तेव्हा एक साइज मोठा घ्या आणि पॅनलच्या हवेच्या फिल्टरवरचा कोंडा दर आठवड्याला झाडा.

जालन्याच्या रोलिंग मिलमधली स्लिप-रिंग मोटर ड्राइव्हवर घेताना रोटरचे रेझिस्टन्स काढून तिन्ही रिंगा कायमच्या शॉर्ट करा. जड फ्लायव्हील असेल तर थांबताना ते ड्राइव्हलाच वीज परत देतं आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिप येते. ती वीज जिरवायला ब्रेक रेझिस्टर लावा. होइस्टच्या ब्रेकची कॉइल ड्राइव्हच्या आउटपुटवर जोडू नका, तिला वेगळी लाइन द्या. परमनंट मॅग्नेट मोटरला तिच्यासाठीचाच मोड लागतो. ड्राइव्ह बंद असला तरी ती फिरत असेपर्यंत तारांवर व्होल्टेज असतं, हात लावू नका.

ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर नको. ड्राइव्ह आणि मोटरमधला कॉन्टॅक्टर मोटर चालू असताना सोडू नका. आलेली लाइन यू-व्ही-डब्ल्यूला, म्हणजे आउटपुटच्या टोकांना, जोडली तर ड्राइव्ह त्याच क्षणी संपतो. मेगर (इन्सुलेशनची तपासणी) करायचा असेल तर मोटरच्या तारा ड्राइव्हपासून आधी सोडवा. लाइन बंद केल्यावर 10 मिनिटं थांबा आणि डीसी प्लस-मायनसवर मीटरनं पाहा, लाल दिव्यावर विसंबू नका. सौर पंपात तेही पुरत नाही. ऊन असेपर्यंत सोलर पॅनलकडून डीसी येतच राहतो, डीसी स्विच वेगळा पाडा.

लाइट गेली-आली की आपोआप चालू होणारी सेटिंग कडबाकुट्टीला कायम बंद ठेवा. अडकलेला कडबा हातानं काढायला लोक लाइट गेल्यावरच बसतात. बोअरला ती चालते, फक्त परत सुरू होण्याआधी किमान 2 मिनिटं ठेवा. पाइपमधलं पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरत असतो.