तुळईतून जाणारा पाइप

सांगाडा उभा राहिल्यावर वातानुकूलनाचे काम करणारे लोक येतात आणि पाइप पुढे नेण्यासाठी बीमला, म्हणजे तुळईला, भोक पाडू का, असे विचारतात. हा प्रश्न खरे तर काँक्रीट ओतण्यापूर्वीच विचारायला हवा, आणि तो उशिरा आला की मला मनापासून वाईट वाटते.

दोन टोकांना साध्या आधारांवर टेकलेल्या आणि सर्वत्र सारखा भार पेलणाऱ्या तुळईत कर्तनबल (तुळईचे शेजारचे भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल) आधारांपाशी सर्वाधिक असते व मध्यावर शून्य होते, म्हणून लहान गोल भोक गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) मध्याजवळ आणि तुळईच्या उंचीच्या साधारण मध्यभागी घेणे त्यातल्या त्यात सुरक्षित ठरते. चौकोनी भोक मी टाळतो, कारण त्याच्या कोपऱ्यांतून तडे सुरू होतात. आधाराजवळ कोअर कटिंग (यंत्राने काँक्रीटमध्ये गोल भोक कापणे) करताना एखादी रिंग (मुख्य सळ्यांभोवतीची पोलादी कडी) कापली गेली, तर तिरपा तडा अडवणारे पोलादच नाहीसे होते आणि वरच्या गिलाव्यामुळे ते कुणाला दिसतही नाही.

स्लीव्हचा, म्हणजे पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये बसवलेल्या नळीचा, व्यास ठरवताना उष्णतारोधक आवरणाची जाडी विसरू नये. २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे १४ अंश असतो. थंड पाण्याचा पाइप मात्र साधारण ७ अंशांवर चालतो. भोक अरुंद निघाले म्हणून तेवढ्याच जागी आवरण सोलले, तर पाइपला घाम फुटतो, काँक्रीट सतत ओले राहते आणि कालांतराने सळ्या गंजू लागतात.